शुभेच्छा पोचल्या, पाळी कधी बदलणार?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मुरबाड-शहापूरकडच्या कारखान्यांत, गोदामांत, बँकांत आणि रिसॉर्टांत एकच चित्र मोबाईलवरून मोबाईलवर फिरू लागतं. लाल टोपी, पांढरी दाढी, कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली सर्वांना शुभेच्छा. साहेबांनी ते ग्रुपवर टाकलं की पाठोपाठ हात जोडलेल्या खुणांची रांग लागते. त्याच संध्याकाळी त्याच ग्रुपवर आणखी एक कागद येतो, पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा. कोणती कंपनी आपल्या माणसांना खरंच आपलं मानते, हे मला त्या दुसऱ्या कागदावरून कळतं. पहिल्याला दमडीचा खर्च नाही.

मुंबई-नाशिक महामार्गाला लागून असलेल्या एका गोदामातला असा कागद मी नीट पाहिलाय. फाटकाजवळची केबिन, आत प्लास्टिकचं झाड, त्यावर कापसाचा बर्फ आणि चमचमणारे दिवे. झाडाच्या मागे भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला पाळ्यांचा तक्ता. उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत तारखा, साप्ताहिक सुट्टी हिरव्या शाईत. फाटकावरचा पहारेकरी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातून आलेला, ख्रिस्ती आदिवासी. त्याच्या नावापुढे २४ तारखेला रात्रपाळी, २५ला रात्रपाळी. त्याची हिरवी खूण २७ला. सुट्टी मागितली होती का, विचारलं. ‘मागितली,’ म्हणाला. ‘सुपरवायझर म्हणाले, दिवाळीला दिली होती ना.’ दिवाळीला गोदाम बंद होतं, म्हणून तो भाड्याच्या खोलीवर झोपून राहिला होता. त्याने ती सुट्टी मागितली नव्हती. २४च्या रात्री त्याच्या गावच्या चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा त्याने फाटकावर उभ्या-उभ्या मोबाईलवर पाहिली, आवाज बंद ठेवून, कारण आत ट्रक येत होते. बाजूला झाड चमकत होतं.

ते झाड कोणासाठी होतं? ज्याचा सण आहे तो बाहेर थंडीत आणि झाड आत काचेमागे. गोदामात येणाऱ्या पाहुण्यांना कंपनी किती मोकळ्या मनाची आहे हे दिसावं म्हणून ते लावलेलं. मला याची चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

सुट्टी ही गोष्ट कामगाराला कधीच आपोआप मिळालेली नाही. आज आपण रविवार गृहीत धरतो. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी तो नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे, ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, अर्ज केले, मालकांचे उंबरे झिजवले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गोऱ्या साहेबांचा रविवार चर्चमध्ये जायचा, कामगारांचा साच्यांपाशी. रविवार मागताना तो खंडोबाचा वार आहे हे कारण पुढे केलं गेलं, असं आजही सांगितलं जातं. साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस गिरणीतल्या माणसाने आपल्या देवाच्या नावाने मागून घेतला आणि तो दिवस दोघांचा झाला. कुणाच्या धर्माचं काही गेलं नाही. याच लोखंड्यांनी १८९३च्या दंगलीनंतर मुंबईत हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी धडपड केली. सुट्टी आणि सलोखा ही त्यांच्यासाठी एकाच कामाची दोन अंगं होती.

आणखी जवळचं पाहा. आपल्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. नवरा-बायको, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं टेम्पोत. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते आणि हिशोब शेवटी. भट्टीमालक हजेरीच्या बाबतीत फार दयाळू नसतो. पण शिमग्याला भट्टी थंडावते, कारण कातकरी, वारली, ठाकूर शिमग्याला गावी जाणारच. मालक अडवू शकत नाही. मालेगावात शुक्रवारी यंत्रमागांचा खडखडाट थांबतो, कारण माग चालवणारे हात नमाजाला जातात. आणि कोकणात, रायगडच्या किनाऱ्यालगतच्या गावांत, बेने इस्रायली तेल्यांचे घाणे शनिवारी बंद असत. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सोमवार पाळणारे हिंदू तेली वेगळे. शनिवारी तेल मिळणार नाही हे गावाला माहीत होतं आणि त्यावरून गावात भांडण झाल्याचं मी कधी वाचलेलं नाही. लोक शुक्रवारीच बुधला भरून ठेवत असणार.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे. शनवार तेल्याचा घाणा त्याच्या मालकीचा होता. मालेगावच्या आणि वीटभट्टीवरच्या माणसाकडे संख्या आहे. तो उठला तर काम थांबतं. सिमडेग्याहून आलेल्या पहारेकऱ्याकडे दोन्ही नाही. फाटक त्याचं नाही आणि तो एकटा आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या ०.९६ टक्के, म्हणजे सुमारे पावणेअकरा लाख. वसईत त्यांची गावंच्या गावं आहेत, तिथे नाताळची सुट्टी मागावी लागत नाही. पण शहापूरच्या गोदामात तो एक असतो, मुरबाडच्या कारखान्यात दोन, दवाखान्यात केरळहून आलेल्या तीन परिचारिका. हे लोक काही बंद पाडू शकत नाहीत. ज्याला बंद पाडता येत नाही त्याची सुट्टी बाकीच्यांच्या चांगुलपणावर अवलंबून राहते आणि चांगुलपणाचा हिशोब पाळ्यांच्या तक्त्यात दिसतो.

‘सगळ्यांना सगळ्या सुट्ट्या दिल्या तर धंदा चालायचा कसा?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. उत्तर दवाखान्यांनी कधीच शोधून ठेवलंय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वॉर्ड कोण सांभाळतं? अनेक ठिकाणी ख्रिस्ती परिचारिका आपणहून ती पाळी घेतात, सोबतिणीला घरी पाठवतात. नाताळच्या रात्री तीच सोबतीण उभी राहते. कुणी परिपत्रक काढलेलं नसतं. मेट्रनने तक्ता मांडताना दोन नावांची अदलाबदल करायची, एवढंच. ईदच्या दिवशी दिवाळीवाला, दिवाळीत ईदवाला. गोदामातही नावांचीच अदलाबदल आहे. ट्रक येतच राहतात. सुपरवायझरने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं बसायला हवं. ती पाच मिनिटं झाडाला कापूस चिकटवण्यात जातात.

न्यूयॉर्क राज्याने २०२३ साली कायदा करून न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी दिली. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपासून शाळा बंद राहू लागल्या. आपल्याकडे केवढा आनंद झाला. तिकडे नोकरीला गेलेल्या पोरांच्या आई-बापांनी इकडे गल्लीत पेढे वाटले असते तरी मला नवल वाटलं नसतं. आनंद रास्तच होता, कारण परक्या मुलखात आपल्या सणाला दार उघडलं की माणसाला मान मिळाल्यासारखं वाटतं. मग सिमडेग्याच्या माणसाला शहापूर हा परका मुलूखच आहे. तिकडे आपण जे मागतो ते इकडे कुणी मागितलं की आपला सुपरवायझर दिवाळीचा हिशोब काढतो. न्यूयॉर्कची बातमी पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कचेरीतला तक्ता एकदा उघडून पाहावा.

अलीकडे डिसेंबरात दुसराही मजकूर फिरतो. नाताळ हा इंग्रजांचा सण, गुलामीची खूण, शुभेच्छा देऊ नका. हा मजकूर सिद्धगडाच्या परिसरात पाठवला जातो तेव्हा मला जास्त लागतं, कारण इंग्रजी राज्याशी लढणं म्हणजे काय हे या डोंगराने पाहिलंय. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, नाभिक कुटुंबातला मुलगा, सगळ्यांचे भाई. १९४२च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभा केला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि सरकारला पळता भुई थोडी केली. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. भाईंचं वय तेव्हा अवघं तीस. ही माणसं राज्याशी लढली, कुणाच्या प्रार्थनेशी नाही.

आणि नाताळ इंग्रजांचा म्हणणाऱ्यांना आपला जुना, अखंड ठाणे जिल्हाच माहीत नाही. वसईच्या ख्रिस्ती वाड्या पोर्तुगीज अमलातल्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा इंग्रजांची सत्ता इथे यायला अजून बराच अवकाश होता. पोर्तुगीज गेले, वाड्या राहिल्या, त्यांतली माणसं आजही सामवेदी आणि वाडवळीत बोलतात. जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा हे लोकमान्य टिळकांचे जिवलग आणि वकील. त्यांचं घराणं उत्तनचं, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष हेच काका होते आणि १९२५ साली मुंबईचे महापौरही. ते नाताळ करत होते आणि स्वराज्यही मागत होते. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्याबद्दल तर मराठी माणसाला सांगायची गरज नसावी. ‘स्मृतिचित्रे’ पाठ्यपुस्तकातून वाचायची आणि त्या बाईंच्या सणाला परका म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता थोडं अवघड बोलतो. कचेरीतला ख्रिस्ती माणूस कोण, हे पुष्कळदा कुणाला माहीत नसतं आणि ते माहीत नसण्यामागे कारण असतं. अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडून कल्याण-अंबरनाथ-शहापूरकडे नोकरीला आलेली किती तरी मराठी ख्रिस्ती कुटुंबं मूळची दलित. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर. पंजोबा गावकुसाबाहेर राहत होते म्हणून जे सोसलं ते चर्चच्या पायरीवर संपत नाही, पण कागद म्हणतो संपलं. म्हणून एखाद्या घरात आई रविवारी चर्चला जाते, मुलाच्या दाखल्यावर मात्र जुनी जात आणि जुना धर्म. अशा मुलाला कचेरीत सगळ्यांसमोर ‘अरे, तू करतोस ना नाताळ?’ असं विचारणं म्हणजे त्याची नोकरी टांगणीला लावणं. आदिवासींना धर्माची अट नाही. वारली ख्रिस्ती झाला तरी कायद्याने वारलीच राहतो. पण धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, ही मागणी गेली काही वर्षं जोरात आहे. म्हणून पाड्यावरचा ख्रिस्ती ठाकूरही गप्प राहतो. साहेबाने मोठ्या प्रेमाने भरून घेतलेल्या ‘आपले आवडते सण’ या तक्त्यात तो दिवाळी लिहितो.

हे लक्षात घेतलं की शुभेच्छांचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. ‘ख्रिस्ती लोकांना नाताळची सुट्टी’ असा नियम केला तर सुट्टी घेण्यासाठी आधी स्वतःला जाहीर करावं लागेल. त्यापेक्षा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आहे तशी सोय हवी. ऐच्छिक सुट्ट्यांची एक लांब यादी असते, त्यातल्या कुठल्याही दोन निवडायच्या. धर्माचा दाखला कुणी मागत नाही. जैन माणूस ती पर्युषणात घेईल, शीख गुरुगोविंदसिंग जयंतीला, कुणी लग्नाच्या वाढदिवसाच्या आसपास येणाऱ्या एखाद्या सणाला. सिमडेग्याचा माणूस नाताळाच्या आदल्या दिवशी घेईल. गोदामात कंत्राटदारामार्फत लागलेल्या माणसाला अशा दोन दिवसांचा हक्क द्यायला अडचण काय? मला तरी पैशाखेरीज दिसत नाही. दोन दिवसांचा पगार. झाड, दिवे, कापूस, केक आणि छायाचित्रकार यांचा खर्च मांडला तर तो कुठे जातो, तेही एकदा मांडा.

बोलण्याच्या शुभेच्छांचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. ज्याचा नाताळ आहे हे तुम्हाला त्याच्याच तोंडून कळलंय, त्याला नाताळच्या शुभेच्छा द्या, सणाचं नाव घेऊन द्या. अमेरिकेत अलीकडे सगळ्यांना मिळून सुट्ट्यांच्या शुभेच्छा देतात, तसं इथे आणायची गरज नाही. संक्रांतीला आपण सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवतो, शेजारच्या घरून ईदची खीर येते, नाव घेऊनच येते, त्यात कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. अवघडतं ते सक्तीने. लाल टोपी गणवेशात धरली, केकच्या वर्गणीसाठी रोजंदारीवरच्या माणसाकडून पन्नास रुपये कापले, ‘सगळ्यांनी नाचायचंच’ म्हटलं, की तो सण राहत नाही, ती हजेरी होते.

हीच परीक्षा उलट बाजूनेही घ्यायला हवी आणि नाताळच्या चर्चेत ती टाळली जाते. खंडेनवमीला यंत्रांना हार घालतात, जानेवारीत कचेरीचा सत्यनारायण असतो. त्या दिवशी बौद्ध कामगार काय करतो? १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा त्याच्या घरात टांगलेल्या असतात. त्याला पूजेच्या पाटाशी बसवून आरतीचं ताट हातात देणं ही आपुलकी नव्हे. प्रसाद हातावर ठेवा, तो खाईल. पूजेला बसायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. याच माणसासाठी २५ डिसेंबर हा १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस आहे. १ जानेवारीला त्याला कोरेगाव भीमाला जायचं असतं. त्याच्या नावापुढे तक्त्यात काय असतं? बहुतेक ठिकाणी ‘सकाळपाळी’.

आणि आमच्या सिद्धगडाचं काय? २ जानेवारीच्या पहाटे हुतात्म्यांना मानवंदना द्यायला गावोगावचे लोक पायथ्याशी जमतात. कर्जत, मुरबाड, कल्याणकडून येतात, काही आदल्या रात्रीच. पूर्वी शाळकरी पोरं मोठ्या संख्येने असत. आता त्यातली मोठी झालेली पोरं कुठे आहेत, ते मुरबाड-माळशेज रस्त्याने ३१ डिसेंबरच्या रात्री जाऊन पाहा. फार्महाऊसांच्या आणि रिसॉर्टांच्या आवारात ती लाल टोप्या घालून ताटं उचलत असतात. ३१ची रात्र, १ची रात्र, शनिवार-रविवार आला तर तीही. एका आवारात मी अशा एका पोराला जवळून पाहिलं. नारिवलीच्या बाजूचा. टोपी मोठी होती, कानावर उतरत होती. सूपचे वाडगे दोन्ही हातांत असल्याने ती वर सारायला हात मोकळा नव्हता. मान झटकून तो ती मागे करायचा आणि पुढच्या टेबलाकडे जायचा. २ तारखेला सिद्धगडला येणार का, विचारलं. पाहुणे २ला दुपारी जाणार, मग चादरी, मग भांडी. त्याचे आजोबा दरवर्षी जातात.

नाताळाच्या निमित्ताने मी बोलतोय ते या पोराबद्दलही आहे. ज्याचा नाताळ आहे त्याला नाताळ मिळत नाही आणि ज्याचा नाही त्याला टोपी मिळते. दोघांच्याही डोक्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी मौजेचा भार. हा नाताळ ना येशूचा, ना वसईच्या वाडीतला, ना सिमडेग्याच्या चर्चमधला. येशूचा जन्म गोठ्यात झाला, कारण त्याच्या आई-बापाला मुक्कामाला जागा मिळाली नाही. तो प्रसंग ज्यांना खरंच भिडला, त्यांनी फाटकावरच्या माणसाला आधी आत बोलावलं असतं.

कायद्यात याची वाट आहे, फार लोकांना ठाऊक नाही म्हणून सांगतो. दुकानं, कचेऱ्या, गोदामं अशा आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७चा अधिनियम आहे. त्यात कामगाराला वर्षाला आठ पगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या, आणि त्या मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. आपसांत, हा शब्द कायद्याच्या आत्म्याइतका मोलाचा आहे. प्रत्यक्षात त्या चार सुट्ट्या मुख्य कचेरीतून छापून येतात. गणपती, दसरा, दिवाळीचे दोन दिवस. कुणी कुणाशी ठरवलेलं नसतं. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत नाताळ आहे, गुड फ्रायडे आहे, बुद्धपौर्णिमा आहे, रमजान ईद आणि बकरी ईद आहे, पारशी नववर्षदेखील आहे. ती यादी बँकेला आणि तहसील कचेरीला लागते. गोदामाच्या फाटकाला लागत नाही. साहेब नाताळला घरी, पहारेकरी फाटकावर; हा फरक धर्माचा कमी आणि नोकरीच्या जातीचा जास्त आहे. कायम आणि कंत्राटी, या दोन जाती आम्ही गेल्या तीस-चाळीस वर्षांत नव्याने पाडल्या. सर्वसमावेशकतेवरचं कुठलंही भाषण कायम कामगारांच्या सभागृहात होतं. कंत्राटी माणूस तेव्हा खुर्च्या लावत असतो.

म्हणून माझं मागणं मर्यादित आहे आणि ते याच आठवड्यात पुरं होऊ शकतं. पुढच्या वर्षाच्या चार सणांचा कागद अजून सहीसाठी कुणाच्या तरी टेबलावर पडलेला असेल. तो बाहेर आणा. सफाईवालीला, पहारेकऱ्याला, हमालाला, लोडिंगच्या टोळीला, कँटीनवाल्या पोराला समोर बसवा. चारांतले दोन दिवस सगळ्यांचे ठेवा, दोन ज्याचे त्याने निवडावेत, कारण विचारू नका. निवडलेला दिवस तक्त्यात हिरव्या शाईने लिहा आणि त्या दिवशी त्याच्या जागी कोण उभं राहणार, त्याचंही नाव लिहा. युनियनवाल्यांनी बोनसच्या मागणीपत्रात ही एक ओळ घालावी. आजवर किती मागणीपत्रांत ती होती, ते त्यांनीच तपासावं. तालुक्यातल्या कामगार नेत्यांना मी हे जाहीरपणे विचारतो आहे. आणि कामगारांनी कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी साहेबांना दोनच प्रश्न विचारावेत: हे चार सण कोणी ठरवले, आणि ठरवताना खोलीत कोण कोण होतं?